एबरहार्ट, इझाबेल

(१७ फेब्रुवारी १८७७ – २१ ऑक्टोबर १९०४). इस्लाम स्वीकारून, पुरुषवेषात एकटीने सहारात हिंडलेली फ्रेंच भाषेतील लेखिका. जन्म जिनीव्हा येथे. आई रशियन सेनाधिकाऱ्याची विधवा. जन्मनोंदीत वडिलांचे नाव नाही. आईच्या मुलांचे शिक्षक व एके काळचे धर्मगुरू अलेक्झांदर त्रोफिमोव्हस्की हेच तिचे वडील, असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्यांनी तिला मुलासारखे वाढवले. रशियन, लॅटिन, अरबी अशा अनेक भाषा ती घरीच शिकली.

१८९७ मध्ये मायलेकी अल्जीरियातील बोन (आजचे अन्नाबा) येथे राहायला गेल्या आणि दोघींनी इस्लाम स्वीकारला. आई त्याच वर्षी वारली व तेथील मुस्लिम दफनभूमीत पुरली गेली. दोन वर्षांनी त्रोफिमोव्हस्कीही गेले. त्यानंतर ‘सी महमूद सादी’ हे नाव घेऊन, बर्नूस (टोपी जोडलेला सैल झगा) अंगावर चढवून इझाबेल घोड्यावरून दक्षिणेकडे निघाली.

तिच्या प्रवासाचा खरा आधार वेषांतर हा नव्हता. ती स्त्री आहे हे अनेक यजमान ओळखून होते. तरी पाहुण्याने जे नाव सांगितले तेच मानायचे, ही तिथली अदब त्यांनी सांभाळली. १९०० मध्ये वाळूच्या टेकड्यांत खड्डे खणून खजूर पिकवणाऱ्या अल-वाद येथे ती राहू लागली आणि तिने कादिरिया या सूफी पंथाची दीक्षा घेतली. मराठी संतकवी शेख महंमद श्रीगोंदेकर यांची गुरुपरंपराही याच पंथाशी जोडली जाते. दीक्षेमुळे वाळवंटभर पसरलेल्या झावियांची, म्हणजे पंथाच्या मठांची, दारे तिला उघडली. मुक्काम, वाटाड्या आणि सोबतीला शिकणे अशा तिन्ही गोष्टी तिथे मिळत. अल-हामेल येथील झावियाच्या प्रमुख लल्ला झैनब यांनाही ती भेटली. अधिकाराने मठ चालवणारी ही स्त्री युरोपीय वाचकाच्या कल्पनेत बसणारी नव्हती. इझाबेल किफ (गांजा) ओढी, मद्यही घेई. तरी तिची श्रद्धा दिखाऊ होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

२९ जानेवारी १९०१ रोजी बेहिमा गावी ती कुणाला पत्राचा अर्थ सांगत बसली असता प्रतिस्पर्धी तिजानिया पंथाच्या एकाने तिच्यावर तलवार चालवली. डोक्यावरून गेलेल्या तारेमुळे वार चुकला, पण डावा हात जवळजवळ तुटला. कॉन्स्टंटीनच्या खटल्यात हल्लेखोराला जन्मठेपेची सक्तमजुरी झाली. तिने त्याच्यासाठी दयेची मागणी केली व शिक्षा दहा वर्षांवर आली. फ्रेंच प्रशासनाने मात्र तिलाच देशाबाहेर काढले. स्थानिक घोडदळातील स्लीमान एहन्नी याच्याशी मार्सेय येथे विवाह केल्यावर ती फ्रेंच नागरिक झाली आणि १९०२ मध्ये परतली.

व्हिक्तोर बारुकाँ यांच्या ‘अल-अखबार’ पत्रासाठी तिने मोरोक्कोच्या सीमेवरून लेखन केले. तेथील आइन सेफ्रा येथे फ्रेंच जनरल ल्योते यांच्याशी तिचा स्नेह जुळला. वसाहतवाल्यांच्या अरेरावीवर लिहिणारी लेखिका सीमाविस्तार करणाऱ्या सेनानीची स्नेही होती. ही विसंगती खरी आहे आणि अभ्यासकांत या मुद्द्यावर आजही मतभेद आहेत. १९०४ च्या उन्हाळ्यात ती केनादसाच्या झावियात विद्यार्थी म्हणून राहिली. तिथल्या गुलामांचे, तालिबांचे (विद्यार्थ्यांचे) व मलेरियाच्या तापातल्या दिवसांचे तिने केलेले वर्णन तिच्या लेखनातील सर्वांत कसदार भाग होय. बेदुइन मुलगी व फ्रेंच अधिकारी यांची ‘यास्मिना’ ही तिची कथा विशेष प्रसिद्ध आहे.

१९०४ च्या ऑक्टोबरमध्ये ती रुग्णालयातून नुकतीच बाहेर पडलेली असताना आइन सेफ्राच्या कोरड्या नदीला अचानक पूर आला व मातीच्या घरात ती दगावली. वय २७. ल्योते यांनी चिखलातून तिची हस्तलिखिते शोधून काढवली. बारुकाँ यांनी त्यांत मनसोक्त भर घालून, स्वतःचे नाव सहलेखक म्हणून लावून १९०६ मध्ये ग्रंथ छापला. तिची मूळ शैली त्या अलंकरणाखाली झाकली गेली. मारी-ओदील देलाकूर व झाँ-रने उलू यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली संहिता १९८८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या अभ्यासासाठी हीच आवृत्ती वापरावी.