इनस्क्रिप्ट : मानक झाले, सवय कधी?

कळफलकाची एखादी रचना शास्त्रशुद्ध आहे, एवढ्याने लोक ती स्वीकारत नाहीत. ऑगस्ट ड्वोरॅक व विल्यम डीली यांनी इंग्रजीसाठी आखलेल्या रचनेला १९३६ साली अमेरिकेत एकस्व मिळाले, १९८२ मध्ये मानकाचा दर्जाही लाभला. तरीही एकोणिसाव्या शतकातील टंकलेखन यंत्रांवरून आलेली ‘क्वर्टी’ रचनाच रूढ राहिली. देवनागरीच्या ‘इनस्क्रिप्ट’समोरही हाच प्रश्न उभा आहे.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेली ही रचना १९८८ मध्ये सुधारण्यात आली व १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झाली. तिच्यात स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’ व ‘ख’, ‘ग’ व ‘घ’ अशा जोड्या एकेका कळीवर असून दुसरे अक्षर शिफ्ट दाबून उमटते. कन्नड, गुजराती, तेलुगू या लिप्यांतही ‘क’ त्याच कळीवर सापडतो. मराठी आणि कोकणी देवनागरीत लिहिणाऱ्या गोमंतकीयांना तर दोन्ही भाषांसाठी एकच सराव पुरतो.

अडसर आहे तो सवयीचा. जुन्या टंकलेखकांचा हात रेमिंग्टन रचनेवर बसलेला असतो. तेथे ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे व्यंजन आधी येते. नवी पिढी रोमन अक्षरांतून मराठी लिहिते. शिकण्याचे श्रम वाचतात. मात्र ‘काल’ आणि ‘काळ’ रोमनमध्ये बहुधा सारखेच लिहिले जात असल्याने योग्य शब्द पर्यायांतून निवडावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘ल’ व ‘ळ’ एकाच कळीवर असले, तरी शिफ्टमुळे त्यांच्यात संदिग्धता उरत नाही.

म्हणूनच प्रसाराचा प्रारंभ, ज्यांच्या बोटांना अद्याप कोणतेच वळण लागलेले नाही, अशा विद्यार्थ्यांपासून होणे इष्ट. जुनी सवय असलेल्यांचा वेग आरंभी मंदावतो. हे त्यांना आधीच सांगितलेले बरे. कळफलकाचा छापील तक्ता समोर ठेवून रोज थोडा वेळ केलेला सराव त्यांना अधिक उपकारक ठरतो. नवे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. विंडोज व लिनक्समध्ये इनस्क्रिप्टची सोय आहेच. सोय असूनही शिकवणारे नसतील, तर मानक कागदावरच राहते.