नेदरलँड्समधील बालसंगोपन भत्ता प्रकरण

नेदरलँड्समधील बालसंगोपन भत्ता प्रकरण (डच: टुस्लाखनअफेर) हे कल्याणकारी भत्त्यांच्या वितरणातील गंभीर प्रशासकीय अन्यायाचे प्रकरण आहे. पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणारा सरकारी भत्ता खोटेपणाने घेतल्याचा संशय ठेवून डच कर प्रशासनाने हजारो पालकांची चौकशी केली, त्यांचा भत्ता बंद केला आणि आधी दिलेली संपूर्ण रक्कम परत मागितली. यांतील बहुसंख्य पालकांनी कोणतीही फसवणूक केलेली नव्हती. अनेकांच्या बाबतीत एखादी सही राहून गेली होती, एखादी पावती सापडत नव्हती किंवा स्वतःच्या वाट्याचे काही शे युरो भरल्याचा पुरावा देता आला नव्हता. या प्रकरणामुळे १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या तिसऱ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बाधित पालकांची संख्या सुरुवातीला सुमारे २६,००० असल्याचे मानले जात होते. पुढे अधिकृतरीत्या बाधित ठरलेल्या पालकांची संख्या ४०,०००च्या वर गेली.

भत्त्याची रचना

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २००५ पासून बालसंगोपन कायदा लागू झाला. आई आणि वडील दोघेही नोकरी करत असल्यास, किंवा एकट्या पालकाला नोकरी वा शिक्षण करायचे असल्यास, पाळणाघराच्या खर्चाचा मोठा हिस्सा सरकार देते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना खर्चाचा बहुतांश भाग परत मिळतो, उरलेला हिस्सा पालकांनी स्वतः भरायचा असतो. भत्ता वाटण्याचे काम समाजकल्याण खात्याकडे न देता कर प्रशासनाकडे सोपवण्यात आले. लोकांच्या उत्पन्नाची माहिती त्याच खात्याकडे होती, हे त्यामागचे कारण होते. मात्र कर गोळा करणे आणि अडचणीतल्या कुटुंबाला पैसे देणे ही दोन कामे वेगळ्या वृत्तीची आहेत, याचा विचार त्या वेळी फारसा झाला नाही.

भत्ता आगाऊ दिला जातो. पालक वर्षाच्या सुरुवातीला आपले अपेक्षित उत्पन्न आणि मूल पाळणाघरात राहण्याचे तास कळवतात, त्या अंदाजावर दरमहा रक्कम जमा होते आणि वर्ष संपल्यावर हिशेब केला जातो. त्यामुळे पगार वाढला, नोकरी सुटली किंवा तास बदलले, तर काही रक्कम परत करावी लागणे स्वाभाविकच होते. खर्चाची गुंतागुंत सर्वांत जास्त होती ती घरगुती पाळणाघरांत. तेथे मूल सांभाळणारी व्यक्ती आणि पालक यांच्यामध्ये नोंदणीकृत मध्यस्थ संस्था असे. करार, देयके आणि तासांच्या नोंदी अनेकदा तीच ठेवत असे. कागदपत्रांतील चुकीची जबाबदारी मात्र कायद्याने पालकांवर होती.

‘सर्व किंवा काहीच नाही’

कर प्रशासनाने कायद्याचा अर्थ असा लावला की, खर्चाचा कोणताही भाग सिद्ध न झाल्यास पालकाचा भत्त्यावरील हक्कच संपतो. उदाहरणार्थ, वर्षभरात दहा हजार युरो भत्ता घेतलेल्या आईला स्वतःच्या हिश्शातील तीनशे युरो भरल्याचे दाखवता आले नाही, तर तिच्याकडून तीनशे नव्हे तर दहा हजार युरो मागितले जात. मूल खरोखर पाळणाघरात जात होते आणि उरलेले सर्व पैसे पाळणाघराला पोहोचले होते, या गोष्टींना महत्त्व नव्हते. अशी मागणी एकाच वेळी दोन-तीन वर्षांसाठी येई, त्यामुळे एका कुटुंबाचे कर्ज काही हजारांपासून लाखभर युरोपर्यंत जाऊ शकत असे.

या अर्थाला देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, म्हणजे राज्य परिषदेच्या न्यायविभागाने, अनेक वर्षे मान्यता दिली. म्हणून पालकांना न्यायालयात जाऊनही उपयोग होत नसे. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायविभागाने आपली भूमिका बदलली आणि प्रमाणबद्धतेचा विचार करण्यास कायद्यात वाव असल्याचे म्हटले. कायद्याचा मजकूर तोच होता. बदलले ते त्याचे वाचन. २०२१ मध्ये राज्य परिषदेने आत्मपरीक्षणाचा अहवाल प्रसिद्ध करून आपली चूक मान्य केली.

फसवणूकविरोधी मोहीम

२०१३ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने दाखवले की, काही टोळ्या बल्गेरियातून माणसे आणून त्यांची डच पत्त्यांवर नोंद करत, त्यांच्या नावे भत्ते उचलत आणि त्यांना परत पाठवत. तो गैरव्यवहार मुख्यतः घरभाडे आणि आरोग्यविमा यांच्या भत्त्यांशी संबंधित होता, पाळणाघराच्या भत्त्याशी नव्हे. तरीही संसदेत संतापाची लाट उसळली आणि जवळजवळ सर्वच पक्षांनी कठोर कारवाईची मागणी केली. पुढे पालकांची बाजू घेणाऱ्या पक्षांचाही त्यात समावेश होता. त्याच वर्षी कर प्रशासनाने फसवणुकीला मदत करणाऱ्या मध्यस्थांचा शोध घेण्यासाठी एक विशेष पथक स्थापन केले.

या पथकाची पद्धत गटवार होती. एखाद्या मध्यस्थ संस्थेवर संशय आला की तिच्यामार्फत भत्ता घेणारे सर्व पालक संशयित ठरत. २०१४ मध्ये आइंडहोवन येथील एका संस्थेच्या सुमारे ३०० पालकांचा भत्ता अशाच प्रकारे थांबवण्यात आला. ‘काफ-११’ या नावाने ओळखली जाणारी ही कारवाई पुढे संपूर्ण प्रकरणाचा प्रारंभबिंदू ठरली.

चौकशीला सामोरे जाताना

संशयित पालकांच्या अनुभवात एक ठरावीक क्रम दिसतो. प्रथम पत्र येई: करार, देयके, बँकेचे उतारे पाठवा. पालक ते पाठवत. मग पुन्हा पत्र येई की पुरावे अपुरे आहेत. नेमका कोणता कागद कमी आहे, हे बहुधा त्यात लिहिलेले नसे. आपल्यावर फसवणुकीचा संशय आहे हेही अनेकांना कळवले जात नसे, त्यामुळे आपण कशाचे उत्तर देत आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हते. चौकशीचा निकाल लागण्याआधीच भत्ता बंद होई. भत्ता नाही म्हणून पाळणाघर सुटे, पाळणाघर नाही म्हणून नोकरीवर जाता येत नसे आणि पगार थांबल्यावर वसुलीची नोटीस हाती पडे.

या निर्णयांवर हरकत घेता येत होती, पण कायद्यातील मुदत उलटून गेली तरी तिचा निकाल लागत नसे. दरम्यान वसुली चालूच राही. इतर भत्त्यांतून रक्कम वळती केली जाई, पगारावर जप्ती येई. न्यायालयापुढे सर्व संबंधित कागद ठेवण्याची जबाबदारी कर प्रशासनाची होती, परंतु काही प्रकरणांत ते ठेवलेच गेले नाहीत, असे नंतर उघड झाले. पालकांनी स्वतःची धारिका मागितली तेव्हा २०१९ च्या अखेरीस काहींना मिळालेली पाने जवळजवळ पूर्ण काळी केलेली होती. त्या काळ्या पानांची छायाचित्रे डच वृत्तपत्रांत छापून आली आणि तीच या प्रकरणाची ओळख बनली.

सर्वांत जाचक ठरला तो ‘हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणा’ हा शेरा. सामान्य कर्जदाराला ऐपतीनुसार हप्ते बांधून मिळत. हा शेरा असलेल्याला तशी सवलत नव्हती आणि कर्जमुक्तीच्या तडजोडीचा मार्गही बंद होता. प्रत्यक्षात हा शेरा वैयक्तिक वर्तनाची तपासणी न करता, कर्जाची रक्कम मोठी आहे एवढ्यावरूनही मारला जात असे. म्हणजे ‘सर्व किंवा काहीच नाही’ या नियमामुळे कर्ज फुगे, आणि फुगलेले कर्जच लबाडीचा पुरावा ठरे.

परिणामी अनेक कुटुंबांनी घरे गमावली, विवाह मोडले, आजारपणे आली. डच सांख्यिकी कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या पहिल्या आकडेवारीनुसार, २०१५ ते २०२० या काळात बाधित कुटुंबांतील १,११५ मुले घराबाहेर संगोपनासाठी ठेवण्यात आली होती. नंतरच्या मोजणीत हा आकडा वाढला. प्रत्येक मुलाच्या बाबतीत भत्ता प्रकरण हेच कारण होते असे या आकड्यावरून ठरत नाही, परंतु कर्जाने खचलेल्या घरांवर बालसंरक्षण यंत्रणेची नजर कशी वळते, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला.

वांशिक भेदभाव

बाधितांमध्ये स्थलांतरित पार्श्वभूमीच्या कुटुंबांचे प्रमाण लक्षणीय होते. डच विदासंरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२० मध्ये निष्कर्ष काढला की, कर प्रशासनाने अर्जदारांच्या राष्ट्रीयत्वाची माहिती बेकायदा आणि भेदभावपूर्ण रीतीने वापरली. दुहेरी राष्ट्रीयत्वाच्या नोंदी जानेवारी २०१४ मध्येच काढून टाकायला हव्या होत्या. मे २०१८ मध्ये अशा सुमारे १४ लाख व्यक्तींच्या नोंदी शिल्लक होत्या. अर्जांना जोखमीचे गुण देणाऱ्या स्वयंचलित प्रणालीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. या गैरवापराबद्दल प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये २७.५ लाख युरो दंड केला.

याशिवाय कर प्रशासनाकडे फसवणुकीच्या संशयितांची एक वेगळी यादी होती. तिच्यात सुमारे २,७०,००० व्यक्तींची नावे होती आणि बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. मे २०२२ मध्ये अर्थखात्याचे राज्य सचिव मार्निक्स फान रेइ यांनी कर प्रशासनात संस्थात्मक वर्णद्वेष घडल्याचे सरकारच्या वतीने मान्य केले.

प्रकरण उघडकीस

हेल्मंड येथील वकील एव्हा गोन्झालेझ पेरेझ यांनी काफ-११ मधील पालकांची बाजू लढवली. संशयाखाली आलेली मध्यस्थ संस्था त्यांच्या पतीची होती. त्यांच्या पाठपुराव्यानंतर राष्ट्रीय लोकपाल रेनियर फान झुट्फेन यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये २३२ कुटुंबांविषयी अहवाल देऊन कर प्रशासनावर ताशेरे ओढले आणि भरपाईची शिफारस केली. ती तेव्हा अमलात आली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कर प्रशासनातील कायदेतज्ज्ञ सांड्रा पाल्मेन यांनीही खात्याचे वर्तन चुकीचे असून पालकांना भरपाई द्यावी, असे अंतर्गत टिपणात लिहिले होते. ते बाजूला ठेवले गेले आणि तीन वर्षांनी उजेडात आले.

पुढे ‘त्राउ’ हे वृत्तपत्र आणि आरटीएलचे वृत्तविभाग यांनी सातत्याने बातम्या दिल्या. संसदेत पीटर ओमत्सिख्त आणि रेन्स्के लेइटेन यांनी प्रश्नांची मालिका लावून धरली. ओमत्सिख्त सत्ताधारी आघाडीतील पक्षाचे होते, ही बाब विशेष. नोव्हेंबर २०१९ मध्ये डोनर समितीने काफ-११ मध्ये ‘संस्थात्मक पूर्वग्रह’ होता असे म्हटले. १८ डिसेंबर २०१९ रोजी राज्य सचिव मेनो स्नेल यांनी राजीनामा दिला.

१७ डिसेंबर २०२० रोजी संसदीय समितीचा ‘अभूतपूर्व अन्याय’ या शीर्षकाचा अहवाल आला. समितीने दोष केवळ कर प्रशासनाला दिला नाही. कायदा करणारी संसद, मंत्री आणि न्यायव्यवस्था या सर्वांनी कायदेराज्याची मूलतत्त्वे मोडल्याचे तिने नोंदवले. महिनाभरात मंत्रिमंडळ पायउतार झाले. पूर्वी समाजकल्याणमंत्री असलेले लोडेवेइक आशर यांनी मजूर पक्षाचे नेतेपद सोडले. मार्च २०२१ च्या निवडणुकीत मात्र रुटे यांचाच पक्ष पुन्हा सर्वांत मोठा ठरला. खुद्द अर्थखात्याने कर प्रशासनाविरुद्ध दाखल केलेल्या तक्रारीवर सरकारी अभियोक्त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय घेतला.

भरपाई

डिसेंबर २०२० मध्ये सरकारने प्रत्येक बाधित पालकाला किमान ३०,००० युरो देण्याचे जाहीर केले. पुढे सरकारी थकबाकी माफ करणे, खासगी कर्जे फेडणे आणि मुलांना वयानुसार २,००० ते १०,००० युरो देणे अशा योजना आल्या. प्रत्यक्ष नुकसान यापेक्षा जास्त असल्यास ते स्वतंत्रपणे मांडावे लागते. भरपाईसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा धारिका आणि पुन्हा प्रतीक्षा, अशी तक्रार पालकांनी वारंवार केली. एकूण खर्च अनेक अब्ज युरोंवर गेला, तरी प्रकरणे निकाली निघण्याचा वेग कमीच राहिला.

फसवणूकविरोधी धोरणाची चौकशी करणाऱ्या दुसऱ्या संसदीय समितीने २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अहवाल सादर केला. ओमत्सिख्त यांनी २०२३ मध्ये ‘नवा सामाजिक करार’ हा पक्ष स्थापन केला, आणि त्याच पक्षातर्फे २०२४ च्या अखेरीस भत्ता-भरपाईची जबाबदारी असलेले राज्य सचिवपद सांड्रा पाल्मेन यांच्याकडे आले.