टेंभलीचा अंगठा

मराठीत न शिकलेल्या माणसाला 'अंगठेबहाद्दर' म्हणायची जुनी खोड आहे. म्हणणाऱ्याला त्यात गंमत वाटते. अंगठा उठवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्या अंगठ्याचा इतिहास काही फारसा गमतीचा नाही. आणि योगायोग असा की या इतिहासातली दोन महत्त्वाची पानं एकाच तालुक्यातली आहेत : नंदुरबार जिल्ह्यातला शहादा. तर मंडळी, या शनिवार-रविवारी कोड बाजूला ठेवून त्याबद्दलच लिहितोय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या छोट्याशा गावात देशाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले. गावातल्या दहा जणांना बारा आकडी नंबर मिळाले. 'आधार'ची सुरुवात ती. देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला तो याच गावातल्या एका बाईंना. त्यांचं नाव आणि फोटो तेव्हा सगळ्या पेपरांत आले, नंतरही दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी पत्रकार टेंभलीला जाऊन 'पुढे काय झालं' ते विचारत राहिले. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लेखाचा विषयच तो आहे.

टेंभलीच का? जिल्ह्यात ६९ टक्क्यांच्या आसपास लोक आदिवासी (२०११ ची जनगणना), भिल्ल, पावरा वगैरे. दरवर्षी ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जाणारे. रेशन कार्ड एका गावात, माणूस दुसऱ्या राज्यात. 'ज्याची कुठे नोंदच नाही त्याला ओळख देणार' हे सांगायला याच्याहून चांगली जागा मिळाली नसती. हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पण या मातीत कागदावरच्या अंगठ्याची जी आठवण होती, ती त्या मांडवात कुणी काढली असेल असं वाटत नाही.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. अंगठ्याचा सरकारी वापर ही आपल्याच देशातली गोष्ट. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या साहेबाने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारनाम्यावर घेतला, का तर त्याने नंतर 'ही सही माझी नव्हेच' म्हणू नये. म्हणजे मूळ कल्पना काय? कागद लिहिणाऱ्याचा अंगठा देणाऱ्यावर विश्वास नाही. उलट बाजूची सोय कुठेच नाही. कागद लिहिणाराच फसवत असेल तर काय?

आपल्याकडे हा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारला, आणि जरा जोरातच विचारला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात जमाव सावकारांच्या घरांवर गेला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगावी हे लोण पसरलं. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांचा मुख्य राग माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतं बाहेर काढून जाळली. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट डेटाबेसवरच हल्ला :) कारण उघड होतं. रोख्यात काय लिहिलंय ते वाचता येत नाही, वही सावकाराकडे, आणि कोर्टात पुरावा म्हणून चालणार तीच वही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो आज फक्त परीक्षेपुरता वाचला जातो, पण त्यातली कलमं बघण्यासारखी आहेत. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे. पैसे भरले की सावकाराने पावती दिली पाहिजे. शेतकऱ्याने मागितला तर वर्षाचा हिशोब लिहून दिला पाहिजे. इंग्रज सरकार काही शेतकऱ्यांच्या प्रेमात पडलं नव्हतं, दंग्यांना घाबरलं होतं. तरी तत्त्व मान्य झालं, की वही ठेवणाऱ्याने ज्याची नोंद आहे त्याला उत्तर द्यायचं.

हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. तिकडे खानदेशात भिल्लांच्या जमिनी कागदोपत्री हातच्या जात राहिल्या. शहादा-तळोदा भागातली सपाटीची, तापीकाठची काळी जमीन सधन शेतकऱ्यांकडे आणि सावकारांकडे गेली, आणि मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबू लागला. १९७२ च्या सुमाराला शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने जे आंदोलन उभं केलं त्याचा गाभा हाच होता : गेलेल्या जमिनी परत द्या. या आणि अशा चळवळींच्या रेट्यामुळे आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधनं आली आणि गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७० च्या दशकाच्या मध्यावर राज्याने केला. टेंभली त्याच तालुक्यात आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना 'अंगठा दे, फायदा होईल' हे वाक्य नवीन नसणार.

आता परत २०१० कडे. त्या दिवशी आधारला कायदाच नव्हता. प्राधिकरण स्थापन झालं होतं जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या एका अधिसूचनेने. डिसेंबर २०१० मध्ये विधेयक राज्यसभेत मांडलं, वर्षभराने यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने ते नाकारलं. पण नोंदणी काही थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये १०० कोटी नंबर पूर्ण झाले. कायदा संसदेत पास झाला मार्च २०१६ मध्ये, तोही धनविधेयक म्हणून, आणि प्रत्यक्षात लागू झाला त्या वर्षाच्या उत्तरार्धात. म्हणजे १०० कोटी लोकांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं घेऊन झाल्यावर 'हे सांभाळायचं कसं आणि हरवलं तर जबाबदार कोण' हे लागू झालं. सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रॉडक्शनला टाका, टेस्टिंग नंतर बघू, असं म्हणणारे मॅनेजर असतात. पण ते निदान चूक कबूल करून पॅच तरी काढतात.

गळती कुठून झाली हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण लोकांच्या डोक्यात हॅकर म्हणजे काळा हूड घातलेला पोरगा असतो. इथे हॅकरची गरजच पडली नाही. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. ही योजना मुळात महाराष्ट्राची, वि. स. पागे यांची. २००६ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा पहिल्या २०० जिल्ह्यांत आला, त्यात नंदुरबार होता. मस्टरवर खोटी नावं घालून पैसे खाणं हा जुना धंदा, म्हणून गावनिहाय मस्टर इंटरनेटवर सगळ्यांना बघायला खुलं केलं : जॉबकार्ड, नाव, किती दिवस काम, किती मजुरी. अगदी योग्य. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सुद्धा अनुदानाच्या लाभार्थ्यांची माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं. मग नंतर मजुरीसाठी आधार जोडायचं ठरलं. टेबलमध्ये एक कॉलम वाढला. आणि जो रिपोर्ट सगळ्या जगाला खुला होता त्यात तो कॉलमही दिसू लागला. बस्स, एवढंच! कुणीतरी एक ओळ बदलून चार आकडे सोडून बाकीचे झाकायचे होते. आमच्या कंपनीत क्लायंटचा डेटा टेस्टिंगला घ्यायचा तरी आधी मास्क करावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी मीटिंगला बोलावणं येतं.

१ मे २०१७ ला बंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'ने अहवाल काढला. केंद्राची पेन्शन योजना, रोजगार हमी आणि आंध्र प्रदेशातली दोन, अशा चार सरकारी पोर्टलांवर मिळून १३ ते १३.५ कोटी आधार क्रमांक उघडे पडले असावेत असा त्यांचा अंदाज होता, सोबत सुमारे १० कोटी बँक खाते क्रमांक. त्याच्या आधीच एप्रिलमध्ये झारखंडच्या पेन्शनधारकांची १० लाखांहून जास्त नावं आधारसकट बाहेर आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने माहिती अधिकारात उत्तर दिलं की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० वेबसाइटवर असे क्रमांक दिसत होते, ते काढायला लावले. कायद्याचं कलम २९ सांगतं की आधार क्रमांक जाहीररीत्या छापायचा, दाखवायचा नाही. मग २१० वेबसाइटवाल्यांवर काय झालं? अहवाल लिहिणाऱ्या संस्थेला मात्र प्राधिकरणाचं पत्र गेलं. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'च्या बातमीदाराने ५०० रुपयांत दहा मिनिटांत आधारच्या माहितीत शिरता येतं हे दाखवलं, तर एफआयआरमध्ये तिचंच नाव.

आता जबाबदार कोण, ते शोधायला बसा. माहिती भरली तालुक्याच्या डेटा एंट्री ऑपरेटरने, म्हणजे बहुधा कंत्राटी पोरगा. कागद आणून दिले ग्राम रोजगार सेवकाने, तोही मानधनावर. सर्व्हर वरचा, रिपोर्ट वरचा, नियम मंत्रालयाचा. गावात मजूर ओळखतो फक्त रोजगार सेवकाला, आणि त्या बिचाऱ्याला तो कॉलम लपवायचा अधिकारच नाही. बरं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं नुकसानभरपाईचं कलम, ४३ अ, फक्त कंपन्यांना आणि तत्सम संस्थांना लागू. सरकारी खातं त्यात बसत नाही. आधार कायद्यात २०१९ पर्यंत कोर्टात तक्रार करायचा हक्क फक्त प्राधिकरणाला होता. ज्याचा नंबर फुटला त्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बोट ठेवल्यावर ते बदललं.

'नंबर कळला म्हणून काय बिघडतं?' हा प्रश्न हमखास येतो. २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एक सिमकार्ड विकणारा सापडला. टार्गेट पूर्ण करायला त्याने काय केलं? जमीन नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून खरेदीखतं उतरवली, त्यांवर आधार क्रमांकही होता आणि अंगठाही. रबरी शिक्के करतात त्या यंत्रावर अंगठे बनवले आणि हजारो सिम चालू केली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठ्याचं तसं नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला आणि होता होता ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला भारी वाटतं. पण तो दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपया नाही. वर ते ४३ अ कलमही काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. आणि माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमात बदल करून 'व्यापक जनहित' तपासायची जी अट त्या कलमातच होती ती काढली. म्हणजे मजुराचा आधार वर्षानुवर्षं उघडा राहिला, आणि आता एखाद्या अधिकाऱ्याबद्दल विचारलं तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज परत. खासगीपणाची ही वाटणी मला तरी उफराटी वाटते.

डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हमीचा तो केंद्रीय कायदाच बदलून नवा आणला गेला. जुन्या मस्टरवरच्या मजुराने आता ठरवलं, की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि कुणाकुणाला दिलीत ते लिहून द्या, तर २०२३ च्या कायद्यात त्यासाठी कलम ११ आहे. ते कलम वाचलं. हा हक्क मिळतो तो ज्याने संमती देऊन माहिती दिली त्याला. सरकारी लाभ आणि अनुदानासाठी घेतलेली माहिती कलम ७ मधल्या वेगळ्या उपकलमात येते, तिथे संमतीची गरजच धरलेली नाही, त्यामुळे ती या हक्कात बसत नाही. १८७९ च्या कायद्यात सावकाराला हिशोब लिहून द्यावा लागत होता.