तागा कोणाचा?

भिवंडीत कापड विणणारा आणि कापडाचा मालक ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. सूत सेठ देतो. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधून ताण्याचं बीम भरून येतं, कारखानदार आपल्या मागांवर ते विणून देतो आणि पिकामागे, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांमागे, ठरलेल्या पैशांप्रमाणे मजुरी घेतो. तागा निघाला की तो सेठच्या गोदामात जातो. बाजार चढला तर फायदा सेठचा. माग चालवणाऱ्या कारीगराचं नाव त्या ताग्यावर कुठेच नसतं, कारखानदाराचंही नसतं. अशा कारखान्यांत मी मेहता म्हणून वह्या लिहिल्या, त्यामुळे कुठल्याही धंद्याचा इतिहास वाचताना माल कोणाच्या नावावर चढला, हेच मी आधी शोधतो.

रॅपचा इतिहासही मी तसाच वाचला, आणि तो वाचायला लावला माझ्या भाच्यानं. तो भिवंडीतल्याच शांतीनगरच्या मित्रांबरोबर रॅप करतो. त्यांच्या कडव्यांत हिंदी, उर्दू, मराठी आणि अधूनमधून तेलुगूही येतं, कारण त्यांची गल्लीच तशी आहे. एका कंपनीनं त्याला करार पाठवला तेव्हा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "मामा, तुम्ही हिशेबातले आहात, बघा ना जरा," म्हणाला. तो करार समजून घ्यायचा म्हणून मला पार न्यूयॉर्कपर्यंत मागं जावं लागलं.

११ ऑगस्ट १९७३. ब्राँक्समधल्या सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. डीजे कूल हर्क म्हणून ओळखला जाणारा क्लाइव्ह कॅम्पबेल आणि त्याची बहीण सिंडी यांनी तिथे एक पार्टी दिली, आणि रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा जन्म याच दिवशी मानतात. पुढची काही वर्षं हे सगळं गल्लीतच राहिलं, विकायला कोणी आणलं नव्हतं. १९७९ मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगर हिल कंपनीनं 'रॅपर्स डिलाइट' काढलं आणि बाजार उघडला. सिल्व्हिया स्वतः गायिका होत्या. म्हणजे गाणाऱ्यानं कंपनी काढायची, हे या धंद्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

मात्र माझ्या दृष्टीनं खरा धडा शॉन कार्टरच्या वहीत आहे. जग या रॅपरला जे-झी म्हणून ओळखतं. ब्रुकलिनमधल्या मार्सी वसाहतीतला हा मुलगा. त्याला करार द्यायला कंपन्या तयार नव्हत्या. मग डेमन डॅश आणि करीम बर्क यांना बरोबर घेऊन त्यानं रॉक-अ-फेला ही कंपनी काढली आणि गाडीच्या डिकीतून माल विकला. १९९६ च्या जूनमध्ये 'रीझनेबल डाउट' हा त्याचा अल्बम आला. पुढच्याच वर्षी डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीनं रॉक-अ-फेलात निम्मी भागी घेतली. २००४ च्या अखेरीस उरलेली भागीही विकली गेली आणि त्याच वेळी जे-झी खुद्द डेफ जॅमचा अध्यक्ष झाला. त्या खुर्चीवर तो २००७ च्या अखेरपर्यंत होता. गायिका रिहाना तिथे आली ती याच काळात.

या व्यवहारातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला पगार किंवा पद वाटत नाही. आपल्या गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणं, ज्यांना धंद्यात मास्टर म्हणतात, ती ठरलेल्या काळानंतर आपल्याकडे परत यावीत, ही अट त्यानं मान्य करून घेतली. मास्टर ज्याच्या हातात, त्याच्या परवानगीशिवाय ते गाणं चित्रपटात जात नाही, जाहिरातीत जात नाही, मोबाइलवर वाजत नाही. आपल्याकडे सेठच्या गोदामात पडलेला तागा हाच. फरक इतकाच की कापड एकदा विकलं की संपतं आणि मास्टर वर्षानुवर्षं विकलं जातं.

आपल्याकडे हा धंदा बराच काळ मोजक्या कंपन्यांच्या हातात होता. आधी एचएमव्हीची मक्तेदारी, मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजनं बाजार फिरवला. स्वस्त कॅसेटमुळे ऐकणारे वाढले, गाणाऱ्यांना दारं उघडली, हे मान्यच केलं पाहिजे. आमच्या भिवंडीत हॉटेलांतून कव्वाल्या वाजायच्या आणि कामवारी नदीच्या पल्याड आगरी गावांत हळदीच्या रात्री गाण्यांचा नुसता धडाका असायचा. त्यातल्या एका गायकाचे हिशेब मी काही काळ पाहिले. एका कॅसेट कंपनीनं त्यांना एकरकमी पैसे दिले, कागदावर सही घेतली आणि पुढे ती कॅसेट गावोगाव वाजली. वाजण्याचा एक पैसा त्यांच्या वहीत कधी जमा झाला नाही. त्यांना स्वतःला त्याची फार खंत नव्हती, 'नाव झालं' म्हणायचे. मला मात्र ते पान आजही सलतं.

हिंदीत रॅप पहिल्यांदा गाजला तो १९९२ मध्ये, बाबा सहगल यांच्या 'ठंडा ठंडा पानी'मुळे. त्यानंतर बराच काळ तो चित्रपटाच्या गाण्यात चवीपुरताच राहिला. गल्लीतला रॅप मुंबईत उभा राहिला तो अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरात, कुर्ल्यात, धारावीत. जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, एका मित्राच्या अंगात अमेरिकन रॅपर ५० सेंटचा टी-शर्ट पाहून या संगीताकडे ओढला गेला. आधी इंग्रजीत लिहायचा, मग मुंबईच्या हिंदीत आला. आपल्या भागाचा पिनकोड ४०००५९, म्हणून तो '५९' मिरवतो. २०१३ मध्ये 'ये मेरा बॉम्बे' आलं. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीनं 'आफत' आयपॅडवर तयार करून यूट्यूबवर टाकलं. २०१५ मध्ये दोघांचं 'मेरे गली में' सोनी म्युझिकतर्फे आलं आणि कंपन्यांना गल्लीचा पत्ता सापडला.

२०१९ हे वर्ष मी वहीत लाल शाईनं लिहीन. १४ फेब्रुवारीला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला, नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यांवरून प्रेरणा घेतलेला. 'अपना टाइम आयेगा'च्या शब्दांसाठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना फिल्मफेअर मिळालं. या चित्रपटाचा एक कार्यकारी निर्माता होता न्यूयॉर्कचा रॅपर नास, आणि तोही मास अपील या रेकॉर्ड कंपनीचा सहसंस्थापक. त्याच वर्षी मास अपीलनं युनिव्हर्सल म्युझिकबरोबर भारतात कंपनी उघडली आणि पहिला करार केला डिव्हाइनशी. ऑक्टोबरमध्ये त्याचा 'कोहिनूर' आला.

पण त्याच वर्षी डिव्हाइननं आणखी एक पाऊल टाकलं, आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचं. चैतन्य कटारिया यांच्या साथीनं त्यानं गली गँग एंटरटेनमेंट उभी केली. धारावीचा एमसी अल्ताफ, डेव्हिल, शाह रूल असे रॅपर तिच्या छताखाली आले. त्यांची गाणी काढायची, त्यांचे कार्यक्रम ठरवायचे, करारमदार बघायचे, हे काम आता अशा माणसाकडे आलं ज्यानं स्वतः दुसऱ्याच्या करारावर सही केलेली होती. 'पुण्य पाप' (२०२०) आणि 'गुनहगार' (२०२२) हे स्वतःचे अल्बम काढताना तो दुसऱ्यांच्या अल्बमांचाही विचार करत होता. दिल्लीकडे रफ्तारनं २०१९ मध्येच कलमकार काढली. मुंबईच्या एमीवे बंटायनं तर मोठ्या कंपन्यांना बाजूला ठेवून स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवरच सगळा संसार मांडला. प्रत्येकाचा रस्ता वेगळा, पण तिघांनाही माल आपल्या नावावर हवा होता.

कारीगर मालक झाला की काय होतं, हे भिवंडीनं पाहिलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, काम इकडे वळलं आणि मागांची संख्या झपाट्यानं वाढली. त्या काळात काही कारीगरांनी उधारउसनवार करून जुने माग घेतले आणि कारखानदार झाले. त्यातले काही सेठपेक्षा कडक निघाले. पाळीला पाच मिनिटं उशीर झाला तरी पैसे कापणारे मी पाहिले. काही मात्र असे की धागा तुटण्याचं कारण त्यांना आवाजावरून कळायचं, ते कारीगराला दोष न देता खराब सुताबद्दल सेठशी भांडायचे. रॅपरांच्या कंपन्यांतही दोन्ही प्रकार दिसणारच. जे-झी डेफ जॅमच्या खुर्चीवर असताना एलएल कूल जेसारख्या तिथल्याच जुन्या कलाकारानं आपल्याकडे लक्ष दिलं जात नाही अशी जाहीर तक्रार केली होती. तरीही मला मागावर बसलेला मालकच हवासा वाटतो. त्याच्याशी निदान एका भाषेत भांडता येतं.

आणि आता भाच्याचा कागद. मी आधी कायदा काढून बसलो. ध्वनिमुद्रण करण्यात ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता, आणि मालकी मुळात त्याची, असं आपला कॉपीराइट कायदा सांगतो. ती ६० वर्षं टिकते. म्हणजे खोलीत गोधड्या टांगून, स्वतःच्या पैशानं माइक आणून रेकॉर्डिंग करणारा माझा भाचा त्या क्षणी मालकच होता, त्याला ते ठाऊक नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक आधार दिला, ज्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले: गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा आता करारानंही कंपनीला लिहून देता येत नाही. तो वाटा गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सभासद व्हायचं, हे मी त्याला सगळ्यात आधी सांगितलं.

दुसरी गोष्ट म्हणजे याच कायद्याचं कलम १९. मालकी किती काळासाठी दिली हे करारात लिहिलं नसेल तर कायदा ती पाच वर्षांपुरतीच धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतीच. त्याच्या करारात मात्र दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या: कायमस्वरूपी आणि संपूर्ण जग. बदल्यात एकरकमी आकडा, जो त्याच्या वयाच्या मुलाला मोठा वाटावा असा. मी दोन्ही शब्दांवर रेघ मारली, पाच वर्षं आणि भारत लिहिलं, आणि मास्टर मुदतीनंतर परत, असं एक वाक्य वाढवलं. कंपनीनं नकार कळवला. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नंतर त्यानं आणि शांतीनगरच्या तीन मित्रांनी मिळून नवी वही आणली, पहिल्या पानावर चौघांची नावं लिहिली आणि माझ्याकडे दिली. कोणत्या गाण्यात कोणाचे शब्द, कोणाची चाल आणि रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, असे तीन रकाने मी आखून दिले आहेत. पहिलं गाणं त्यात चढलं आहे.