संदर्भदुवे, प्रोग्रामिंग प्रशिक्षण साहित्यातील

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पाठांतून, पुस्तिकांतून व नोटबुकांतून संबंधित भाषेच्या किंवा लायब्ररीच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनकडे नेणारे दुवे. पाठात फंक्शनची तोंडओळख करून द्यायची आणि बारकाव्यांसाठी अधिकृत पानाकडे पाठवायचे, ही रूढ पद्धत आहे. त्यामुळे हे दुवे पाठाचाच भाग ठरतात आणि ते अद्ययावत ठेवणे हे पाठलेखकाचे काम ठरते.

दुवे बिघडण्याची कारणे : संकेतस्थळाचे स्थलांतर हे मुख्य कारण. ओरॅकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतल्यावर जावाचे डॉक्युमेंटेशन सनच्या पत्त्यावरून ओरॅकलच्या पत्त्यावर गेले. मायक्रोसॉफ्टचे तांत्रिक साहित्य एमएसडीएनवरून २०१६ पासून ‘डॉक्स’ या नव्या स्थळावर आणि २०२२ मध्ये तेथून ‘लर्न’वर हलले. दुसरे कारण म्हणजे पानांची बदललेली रचना. जावा ८ मध्ये ‘लिस्ट’च्या पानाचा पत्ता पॅकेजच्या नावावरून बनतो, जावा ११ मध्ये त्याच पत्त्यात ‘जावा डॉट बेस’ हे मॉड्यूलचे नाव येते. म्हणजे जुन्या पत्त्यातील आवृत्तीचा आकडा तेवढा बदलून नवा पत्ता तयार होत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पानांचे पत्ते बदलू नयेत, असा आग्रह १९९८ मध्येच धरला होता. तो फारसा पाळला गेलेला नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती.

बिघाडाचे प्रकार : (१) मृत दुवा : सर्व्हर ४०४ हा संकेत देतो. हा बिघाड लगेच दिसतो, म्हणून तुलनेने कमी घातक. (२) भरकटलेला दुवा : जुन्या पत्त्यावरून वाचकाला आपोआप पुढे पाठवले जाते, परंतु तो नेमक्या पानाऐवजी मुखपृष्ठावर पोहोचतो. (३) जिवंत पण चुकीचा दुवा : पान व्यवस्थित उघडते, मात्र त्यात पाठातील गोष्ट नसते किंवा ती निराळ्या आवृत्तीची असते. पायथनच्या ‘टाइम’ मॉड्यूलमधील ‘क्लॉक’ हे फंक्शन ३.३ या आवृत्तीत कालबाह्य ठरवले गेले आणि २०१९ च्या ३.८ मध्ये काढून टाकले गेले. जुन्या पाठातील त्याच्या दुव्यावर आज टिचकी मारली, तर ‘टाइम’ मॉड्यूलचे पान उघडते; फंक्शनची नोंद नसल्याने वाचक पानाच्या माथ्यावर थांबतो. ‘परफ काउंटर’ किंवा ‘प्रोसेस टाइम’ ही पर्यायी फंक्शने त्याच पानावर असतात, पण नवशिक्याला ती शोधायची हेच ठाऊक नसते. आपलेच काही चुकले असे समजून तो अडून बसतो. तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे, तो यामुळेच.

आवृत्तीची निवड : पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पत्त्यात नुसता ‘३’ असेल तर नेहमी चालू स्थिर आवृत्ती उघडते, ‘३.१२’ असे लिहिले तर तीच आवृत्ती कायम राहते. पहिल्या प्रकारचा दुवा टिकतो, पण त्यामागचा मजकूर बदलत जातो. दुसऱ्यात मजकूर बदलत नाही, पण तो हळूहळू जुना होतो. पायथन २ कडून ३ कडे जाताना हा प्रश्न तीव्र झाला. २०१२ च्या ‘पेप ४३०’ या प्रस्तावात मुख्य दारातून येणाऱ्याला पायथन ३ दाखवावे, मात्र आतल्या पानांचे जुने दुवे पायथन २ कडेच न्यावेत, असा मार्ग सुचवला होता. पाठलेखकासाठी नियम सोपा आहे : पाठातील कोड ठरावीक आवृत्तीवर चालवायचा असेल तर दुवाही त्याच आवृत्तीचा द्यावा, संकल्पना समजावण्यापुरता असेल तर चालू आवृत्तीचा.

तपासणी : डॉक्युमेंटेशन तयार करण्याच्या ‘स्फिंक्स’ या साधनात ‘लिंकचेक’ ही सोय आहे. ‘लिची’सारखी स्वतंत्र साधनेही वापरली जातात. ती गिटहब ॲक्शन्समधून दर आठवड्याला आपोआप चालवता येतात. स्फिंक्सच्या ‘इंटरस्फिंक्स’मध्ये लेखक पूर्ण पत्ता न लिहिता फंक्शनचे नाव लिहितो आणि पत्ता सूचीवरून जुळवला जातो, नाव नाहीसे झाले की इशारा मिळू शकतो. यंत्राला मर्यादा आहेत. काही सर्व्हर अशा साधनांना दारातच अडवतात, त्यामुळे चांगला दुवाही तुटलेला दिसतो. उलट, चुकीच्या आवृत्तीचे पान उघडले तरी यंत्र ते बरोबर धरते. तेथे माणसानेच वाचून पाहावे लागते. मूळ पान नाहीसे झाले असल्यास इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मधील प्रतीचा दुवा तारखेसह देता येतो.

मराठी साहित्य : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात प्रोग्रामिंगचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. चित्रफितीत दिसणारा पत्ता मागाहून बदलता येत नाही. म्हणून अशा माध्यमात दुवे सोबतच्या पानावर देणे श्रेयस्कर. बहुतेक अधिकृत डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आधीच दुहेरी कष्ट घेत असतो. चुकीच्या पानावर त्याचा तास वाया जाऊ नये, म्हणून मराठी पाठलेखकांनी प्रत्येक दुव्यापाशी आवृत्ती व तपासणीची तारीख लिहावी आणि दर सत्राच्या आरंभी सर्व दुवे स्वतः उघडून पाहावेत.