सीट चाकूरला, सिलॅबस दिल्लीला

लातूरचं नाव काढलं की समोरचा माणूस लगेच 'लातूर पॅटर्न' म्हणतो. बारावी, नीट, क्लासेस, होस्टेल, मेस. बाहेरच्या जिल्ह्यांतली पोरं ट्रंका घेऊन इथं येतात. पण त्याच जिल्ह्यात, लातूरहून नांदेडकडे निघालं की वाटेत चाकूर लागतं. तिथल्या आयटीआयत फिटरला किंवा इलेक्ट्रिशियनला बसलेल्या पोराचा कुठला पॅटर्न, हे कुणी विचारत नाही. त्याच्या यशाचे फ्लेक्स चौकात लागत नाहीत. म्हणून आजचा एपिसोड त्याच्यासाठी. म्हणजे खरं तर त्याच्या सर्टिफिकेटसाठी. कारण त्या एका कागदामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात प्रश्न सारखा एकच येतो: गावात शिकवायचं काय, हे ठरवतं कोण?

सुरुवात युद्धापासून. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रज सरकारला अचानक लक्षात आलं की दारूगोळ्याचे कारखाने चालवायला हिंदुस्थानात टर्नर, फिटर, वेल्डर पुरेसे नाहीत. १९४० साली घाईघाईने तंत्रप्रशिक्षणाची योजना निघाली. पुढच्या वर्षी ब्रिटनचे कामगार मंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने दुसरी योजना आली आणि हिंदी तरुण मशीनवरचं काम शिकायला थेट इंग्लंडला रवाना झाले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला घटना आठवते, महाड आठवतं, पण हे खातंही त्यांनी चार वर्षं सांभाळलं आणि तंत्रप्रशिक्षण त्याच खात्यात होतं. त्यांच्याच काळात, जुलै १९४५ मध्ये, पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उभं राहिलं. काम काय? युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना हुन्नर शिकवायचा आणि नोकरी शोधून द्यायची. तुमच्या वडिलांनी, काकांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढलेलं असेल ना? त्याचं मूळ इथं आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिकवणं आणि नोकरी लावणं ही दोन्ही कामं तेव्हा एकाच छपराखाली होती. पुढं ती सुटी होत गेली. फाळणी झाली, निर्वासित आले, त्यांच्यासाठीही हीच व्यवस्था वापरली. मग १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. सुरुवातीला देशभरात पन्नासच्या आसपास संस्था होत्या. आजच्या आयटीआयचा जन्म हा.

आता १९५६ वर या, कारण या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही चाकूरपर्यंत पोचतात.

पहिली, केंद्राने या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांच्या हाती दिला. शिवराव समितीची ती शिफारस होती. दुसरी, त्याच वर्षी दिल्लीत एक राष्ट्रीय परिषद बसली. सिलॅबस, परीक्षा, सर्टिफिकेट, कुठल्या ट्रेडला किती मशीनं लागतील, हे सगळं ती ठरवणार. म्हणजे संस्था राज्याची, पण सर्टिफिकेट देशाचं. यात वाईट काही नव्हतं. उलट चाकूरच्या पोराला भोसरीत किंवा हैदराबादेत कुणी 'हे काय चिठोरं' म्हणू नये म्हणून हे गरजेचंच होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला स्टँडर्डचं महत्त्व कळतं. पण स्टँडर्ड ठरवणारा एकीकडे, पगार देणारा दुसरीकडे आणि नोकरी देणारा तिसरीकडे असेल तर मध्ये बोलणं कुणी करून द्यायचं? आमच्याकडे याला म्हणतात तीन टीम, तीन सर्व्हिस, आणि रात्री सर्व्हर पडला तर फोन उचलणारा कुणीच नाही.

तिसरी गोष्ट १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवशी मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं मुंबई-पुण्याकडे जे शंभर वर्षांत उभं राहिलं होतं ते इथं नव्हतंच. औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराचं पीपल्स कॉलेज, दोन्ही १९५० ची. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ ला. म्हणजे साध्या बीएची ही कथा. लेथ मशीन तर लांबच.

१९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला आणि विदर्भाला आश्वासनं दिली होती. त्यातलं बरंचसं १९५६ मध्ये घटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये गेलं. हे कलम आपण निधी आणि अनुशेष या भांडणात ऐकतो. पण त्याच्या शेवटच्या पोटकलमात काय आहे माहितेय? या भागांसाठी तंत्रशिक्षणाची आणि व्यवसाय प्रशिक्षणाची पुरेशी सोय, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, यांची न्याय्य व्यवस्था. राज्यघटनेत. व्यवसाय प्रशिक्षण. आयटीआयतल्या किती पोरांना हे ठाऊक असेल की त्यांच्या वर्कशॉपचा उल्लेख थेट घटनेत आहे? पण कलमासोबत ज्या विकास मंडळांची तरतूद होती ती मंडळं यायला १९९४ उजाडलं. अडतीस वर्षं. आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदतही संपली.

मधल्या काळात १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आला. कल्पना सरळ होती: आयटीआयत शिका, मग कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस राहा, तिथं हात बसतो. पण त्यासाठी कारखाना हवा! चाकूर, अहमदपूर, उदगीरकडे होत्या डाळ मिल, तेलाचे घाणे, जिनिंग, गॅरेजं. तिथं दहा माणसं, कधी पाच. आजच्या नियमातही अप्रेंटिस घेणं सक्तीचं होतं ते तीस किंवा जास्त माणसं असतील तर. मग मराठवाड्यातला पोरगा अप्रेंटिस कुठं करणार? एसटीच्या आगारात, नाहीतर लाईटच्या ऑफिसात, आधी एमएसईबी, आता महावितरण. हे दोन सरकारी आधार नसते तर तो कायदा आपल्याकडे कागदावरच राहिला असता, असं माझं मत आहे. तिथं नंबर लागला नाही की पुण्याची गाडी. चाकण, भोसरी, रांजणगाव.

१९६९ मध्ये पैशाचा भारही पूर्ण राज्यांवर आला. १९८४ मध्ये महाराष्ट्राने तंत्रशिक्षण संचालनालयातून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळं काढलं. आयटीआयवाल्यांना हे नाव पाठ असतं, बाकीच्यांनी डीव्हीईटी एवढं लक्षात ठेवा. योगायोग बघा, त्याच वर्षी वि. म. दांडेकर समितीचा अहवाल आला. प्रादेशिक असमतोल किती, हे पहिल्यांदाच आकड्यांत मांडलं गेलं. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य यांच्यासोबत तंत्रशिक्षणही मोजलं. राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा साडेसातशे कोटींच्या आसपास.

दांडेकरांचं काम मोठंच. पण इथं थोडं थांबू, कारण मोजण्याची एक गंमत आहे. तंत्रशिक्षणाचा अनुशेष मोजायचा तर सगळ्यात सोपं माप म्हणजे प्रवेशक्षमता, अमुक लोकसंख्येमागे अमुक जागा. मग अनुशेष भरायचा सोपा मार्गही जागा वाढवणं हाच. तालुक्या-तालुक्याला आयटीआय झाली. आज राज्यात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत आणि पोरांना घरापासून एसटीच्या पासवर शिकता येतं, मुलींना तर त्यामुळंच शिकता येतं. हे छोटं यश नाही. पण वेल्डिंगला निदेशक आहे का, मशीन चालू आहे का, शिकलेला पोरगा दोन वर्षांनी काय करतोय, हे त्या मापात येतच नाही. जे मापात नाही त्यासाठी भांडता पण येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याची सगळ्यात मोठी शाळा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, किल्लारी. गणपती विसर्जनाची रात्र. किती माणसं गेली ते सगळ्यांना माहीत आहे, आठ ते दहा हजार. का गेली, तेही आता माहीत आहे. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, एकमेकींना न बांधलेल्या, आणि डोक्यावर मातीचं माळवद. भूकंपाने मारलं त्याहून घरांनी मारलं.

पुनर्वसनात काही गावं नव्याने बसवली. पण त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. दोन लाख घरं ठेकेदार करू शकत नाही. म्हणून पैसे हप्त्यांनी घरमालकाला, काम गावातल्या गवंड्याकडून, आणि देखरेखीला इंजिनिअर. मग गवंडी शिकवावे लागले. भिंतीत आरपार जाणारा दगड कुठं घालायचा, काँक्रीटचा पट्टा कसा फिरवायचा, कोपरा कसा बांधायचा. घरमालकही शिकला, कारण पैसा त्याच्या हातात होता. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. तांत्रिक गोष्ट घराघरांत समजावून सांगायची, काम बरोबर होतंय का ते बघायचं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था या लोकसहभागाच्या कामात होती आणि त्या बायकांतून पुढं बचत गटांचं मोठं जाळं उभं राहिलं.

नीट बघितलं तर मघापासून आपण जे शोधतोय ते सगळं इथं एका जागी आहे. काय शिकवायचं ते गावातल्या गरजेवरून ठरलं. शिकलेल्या माणसाला काम त्याच आठवड्यात होतं. काम चुकलं तर सांगणारी बाई शेजारच्या गल्लीत होती. पण हे सगळं भूकंप पुनर्वसनाच्या प्रकल्पात झालं, जागतिक बँकेच्या कर्जावर. प्रकल्पाला मुदत असते. आयटीआय वेगळ्या खात्याची, तिचा सिलॅबस वेगळ्या शहरात. गवंडीकामाचा ट्रेड दिल्लीच्या यादीत आहेच, पण किल्लारीत सिद्ध झालेली पद्धत, म्हणजे घरमालक, गवंडी आणि देखरेख करणारी बाई या तिघांना एकत्र शिकवणं, एका ट्रेडच्या चौकटीत बसणारी नव्हतीच.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून प्रकार आहे, दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज. बऱ्याच राज्यांत त्याचं मंडळ स्थानिक असतं, काही पैसा स्थानिक करातून येतो, आणि त्या भागातले मालक कॉलेजशी बोलून कोर्स बसवतात. तिथंही सगळं आलबेल आहे असं नाही. आपल्याकडे यूजीसीने २०१२ च्या सुमारास त्या नावाची योजना आणली, पण ती सिनियर कॉलेजांत गेली, आयटीआयला तिचा स्पर्श नाही. आयटीआयसाठी स्थानिक मालक आणण्याचा प्रयत्न त्याआधीच, २००७ मध्ये झाला होता. देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयंना प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज, आणि उद्योगपतीच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समिती. चाकणला हे सोपं आहे, कंपनी गेटसमोर आहे. ज्या तालुक्यात कंपनीच नाही, तिथं उद्योगपती लांबून येणार. जो लांबून येतो तो मिटिंगपुरता येतो.

नंतरची दहा-पंधरा वर्षं भराभर सांगतो, कारण ती तुम्ही बघितलीच आहेत. २०१३ मध्ये सेमिस्टर पद्धत आली, २०१८ मध्ये गेली, पुन्हा वार्षिक. केंद्रात कौशल्य विकासाचं वेगळं मंत्रालय झालं आणि प्रशिक्षण कामगार मंत्रालयातून उठून तिकडं गेलं. रोजगार सेवा मात्र कामगार मंत्रालयातच राहिली. १९४५ मध्ये जे एका छपराखाली होतं ते आता दोन मंत्रालयांत. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात एकाच दिवशी ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं ऑनलाइन उद्घाटन झालं. हीही पुन्हा वेगळी व्यवस्था, वेगळे कोर्स. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने आयटीआयच्या पोरांचं विद्यावेतन ५०० रुपये करायचं ठरवलं. त्याआधी कित्येक वर्षं ते किती होतं? महिन्याला ४० रुपये. चाळीस! तेवढ्यात चाकूरहून लातूरला जाऊन परत येता येत नाही.

आणि आता लातूरजवळ, हरंगुळला, रेल्वे कोच फॅक्टरी उभी आहे. मार्च २०१८ मध्ये भूमिपूजन, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. २०२३ मध्ये रेल विकास निगम आणि रशियाची टीएमएच यांच्या गटाला १२० वंदे भारत स्लीपर गाड्यांचं काम मिळालं, ते इथं व्हायचं आहे. मराठवाड्यात, चाकूरपासून रोज ये-जा करता येईल अशा अंतरावर, इतका मोठा मालक याआधी आलाच नव्हता. एवढ्या डब्यांना वेल्डर लागतील, वायरमन लागतील, फिटर लागतील. स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग साध्या ग्रिलच्या वेल्डिंगपेक्षा वेगळं असतं. त्याची गॅस वेगळी, सराव वेगळा.

जे ऐकताय त्यातले काही जण या वर्षी फॉर्म भरणार असतील, किंवा घरात कुणी भरणार असेल. तर ट्रेडची यादी बघताना एक करा. प्राचार्यांना किंवा निदेशक सरांना जाऊन विचारा: सर, या ट्रेडचे मागच्या बॅचचे अप्रेंटिसला कुठं लागले? हरंगुळशी आपलं काही बोलणं झालंय का? उत्तर काय मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. संस्थेचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, तालुका सांगा. लातूर, नांदेड, हिंगोली, परभणी, जिथून येतील तिथून. पुढचा भाग त्याच उत्तरांवर करायचा आहे.