वैल, मगन चूल आणि स्लो कुकर : वर्ध्यातल्या मंद आचेचा इतिहास

स्लो कुकर म्हटलं की आपल्याला परदेशी यंत्र आठवतं. सकाळी भिजवलेलं कडधान्य, भाजी आणि पाणी भांड्यात घालायचं, बटण दाबायचं नि कामाला जायचं. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाने त्याच्या पेटंटसाठी १९३६ साली अर्ज केला. कल्पना त्याला आईच्या आठवणीतून सुचली. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून घेवडा, बटाटे, मांस यांचं भांडं शुक्रवारीच बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत. ते रात्रभर शिजे.

आता बघा, आपल्याकडे हे काम वैल करत असे. वैल म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं तोंड. तिथे लाकूड घालत नाहीत. मुख्य चुलीची धग आतून तिकडे जाते. पुढे ज्वारीच्या भाकरी चालू आणि वैलावर तुरीचं वरण रटरटत असतं. एकाच सरपणात दोन कामं. पण एक गोष्ट राहायचीच, धूर. तो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा.

हा प्रश्न वर्ध्यात गांभीर्याने घेतला गेला. १४ डिसेंबर १९३४ रोजी इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी नाव मिळालं. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्याबरोबर तिथे आहाराचाही विचार चाले.

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं, ही खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. दुधाच्या जोडीचं, गरिबाला परवडेल असं वनस्पतिजन्य अन्न त्यांना हवं होतं. १९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचा प्रयोग झाला, त्याबद्दल ‘हरिजन’मध्ये छापूनही आलं.

पण सोयाबीन म्हणजे मूगडाळ नव्हे. ते तासन् तास भिजवावं लागतं, शिजायलाही वेळ घेतं. म्हणजे ‘पौष्टिक काय खावं’ एवढं सांगून भागत नाही. ते शिजवायला सरपण किती लागेल आणि चुलीपाशी कोण बसेल, हेही विचारावं लागतं. मला वाटतं, मगनवाडीचं मोठेपण इथे आहे : तिथल्या लोकांनी ताटाबरोबर चुलीकडेही पाहिलं.

याच मगनवाडीच्या नावाने पुढे मगन चूल ओळखली गेली. रचना साधी. मातीची चूल, ओळीने तोंडं, शेवटी धुराडं. लाकूड फक्त पहिल्या तोंडाशी जळतं. गरम हवा पुढच्या तोंडांखालून जात धुराड्याने बाहेर पडते. मागच्या भांड्यांना मंद आच मिळते. म्हटलं तर तो वैलच, फक्त धुराला घराबाहेरची वाट दिलेला.

आज वर्धा जिल्ह्यात कापूस आणि तुरीबरोबर सोयाबीनची शेतं सगळीकडे दिसतात. मात्र त्यातलं बरंचसं तेलगिरणीकडे जातं, घरच्या भांड्यात थोडंच येतं. ज्यांच्याकडे विजेचा स्लो कुकर आहे, त्यांना ते सहज आणता येईल. रात्रभर भिजवा, पाणी बदला, आधी चांगली उकळी आणा, मग मंद आचेवर सोडा. राजमा असेल तर सुरुवातीला निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. नुसत्या मंद आचेने त्यातला विषारी अंश जात नाही.

म्हणून मंद आचेचा इतिहास हा नुसता चवीचा इतिहास नाही. बेकरीची भट्टी असो, वैल असो की बटणाचं यंत्र, प्रत्येकाने एकच गोष्ट द्यायची असते : अन्न शिजत असताना शिजवणारीला उठून दुसरीकडे जाता यावं. नवी चूल किंवा नवा कुकर आला, की त्याने घरातल्या बाईचा किती वेळ मोकळा केला, हे आधी विचारा. किंमत नंतर.